हिमोग्लोबिन कमी, फेरिटिन जास्त : यकृत थकल्यावर लोहाचं काय होतं?

मंडळी, मागच्या वेळी एक चिठ्ठी आली होती. वडिलांना सिरोसिस आहे, यकृत प्रत्यारोपणाच्या यादीत नाव आहे. हिमोग्लोबिन ८, आणि फेरिटिन मात्र साडेनऊशे. मग अंगात लोह कमी आहे की जास्त? प्रश्न नेमका आहे, आज त्यावरच बोलू.

आपल्या शरीरात सगळं मिळून ३ ते ४ ग्रॅम लोह असतं. रोज आतड्यातून १-२ मिलिग्रॅम आत येतं आणि झडणाऱ्या पेशींबरोबर साधारण तेवढंच जातं. जास्त झालेलं लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाहीच. म्हणून सगळी मदार दारावर. त्या दारावरचा पहारेकरी म्हणजे हेप्सिडिन, आणि ते तयार करतं यकृत. त्याचं हे काम २००१च्या सुमारास कळलं. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा हे नावही नव्हतं!

सिरोसिस वाढला की हेप्सिडिन घटतं, दार उघडं राहतं. लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिनही यकृतच बनवतं, तेही घटतं. माल जास्त, गाड्या कमी. मग सुटं लोह यकृतात आणि हृदयात जाऊन बसतं. त्यात रक्त चढवावं लागलं, तर प्रत्येक पिशवीबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह येतं. म्हणजे कित्येक महिन्यांचं एकदम.

पण थांबा. फेरिटिन दाह, जंतुसंसर्ग, दारू, यकृताच्या पेशींची पडझड, या सगळ्यांनी वाढतं. त्यामुळे तो आकडा म्हणजे लोहाचं वजन नव्हे. खरा साठा पाहायचा तर यकृताचा आणि हृदयाचा खास एमआरआय लागतो. तरीही आकडा सोडून देऊ नये. प्रतीक्षा यादीतल्या ज्या रुग्णांचं फेरिटिन जास्त, त्यांच्यात मृत्यूही जास्त, असं अभ्यासांत दिसलं आहे. दोष लोहाचा की मुळात आजारच बळावलेला, यावर वाद आहे.

हृदयाची काळजी का? प्रत्यारोपणाच्या वेळी हृदयावर मोठा ताण येतो. लोह साठलेलं हृदय तिथे लय चुकवतं, कधी थकून जातं. हिमोक्रोमॅटोसिस या आनुवंशिक आजारात (युरोपात बराच, आपल्याकडे विरळा) पूर्वी प्रत्यारोपणानंतर रुग्ण दगावत, ते बरेचदा हृदय किंवा जंतुसंसर्ग यांमुळेच. जंतूंनाही लोह हवंच असतं ना! सिरोसिसच्या रुग्णाने कच्ची कालवं खाऊ नयेत, ती याचसाठी. त्यातला एक जंतू अशा माणसाला दोन दिवसांत नेऊ शकतो.

मग लोह काढून टाकावं? हिमोग्लोबिन ८ असताना रक्त काढता येत नाही. लोह बांधणाऱ्या गोळ्या खुद्द यकृताला आणि मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात, रक्तस्रावही होऊ शकतो. म्हणून बहुतेकदा नीट लक्ष ठेवणं, एवढंच हाती उरतं. नवं यकृत बसलं की हेप्सिडिन पुन्हा तयार होऊ लागतं.

तर चिठ्ठीतल्या प्रश्नाकडे येतो. हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोह कमी, हे इथे गृहीत धरू नका. पांथरी वाढल्याने, तांबड्या पेशी लवकर फुटल्यानेही ते उतरतं. मेडिकलमधून 'रक्तवाढीचं' टॉनिक आपल्या मनाने आणू नका. मात्र अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांतून रक्त जात असेल, तर लोह खरंच कमी असू शकतं. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर हे ऐकून ती बंदही करू नका. पुढच्या भेटीत दोन गोष्टी विचारा : टू-डी एको कधी झाला, आणि हृदयाचा एमआरआय करायला हवा का?