पेट-सीटीत चमकलं, म्हणजे कॅन्सरच?

फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशन करायचं की नाही, हे बरेचदा पेट-सीटीवर ठरतं. साध्या सीटीत गाठीचा आकार कळतो, पेटमध्ये तिची भूक. फ्लोरिन-18 जोडलेली ग्लुकोजसारखी साखर शिरेतून देतात आणि तासभर गप्प पडून राहायला सांगतात. (गप्पाही नकोत, बोललं की स्वरयंत्राचे स्नायूच साखर ओढतात.) कॅन्सरच्या पेशी ती अधाशासारखी घेतात आणि पडद्यावर उजळतात. आजार छातीतल्या लसिकाग्रंथी, यकृत, हाडं यांपैकी कुठवर पोचलाय, ते एकाच फेरीत दिसतं. मेंदू मुळातच साखरखाऊ, म्हणून त्याचा एमआरआय वेगळा.

आपल्याकडे खरी गोची टीबीची. टीबीच्या गाठीही तशाच चमकतात, तर काही मंद वाढणारे कॅन्सर फारसे चमकतच नाहीत. म्हणून रिपोर्टमधला ‘एसयूव्ही’चा (गाठीनं किती साखर ओढली, त्याचा) आकडा बघून हातपाय गाळू नयेत. शंकास्पद गाठीचा तुकडा काढून तपासणं टळत नाही. डॉक्टरांनी बायॉप्सी सांगितली तर ती उगाच वाढवलेली तपासणी समजू नका.

पेट-सीटीआधी चार ते सहा तास उपाशी राहायचं. मधुमेह असेल तर नाव नोंदवतानाच सांगा. आणि वेळेवर पोचा: फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मं होतं, तुमच्यासाठी मागवलेला डोस ताटकळत थांबत नाही.