एका गोळीचा हिशेब

नागपूरच्या रामदासपेठेपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब, पण बंदराचं एक दार जवळच आहे. वर्धा रोडने पुढे गेलं की कॉनकॉर या कंपनीचा कंटेनर डेपो. कस्टमचे सोपस्कार तिथंच उरकतात आणि मालगाडी खोके घेऊन न्हावा-शेव्याला, जवाहरलाल नेहरू बंदरात जाते.

तिथले आकडे डोकं गरगरवणारे आहेत. २०२४-२५ या एका वर्षात, वीस फुटी मापाने मोजले तर, सुमारे ७३ लाख कंटेनर या बंदरातून गेले-आले. एकामागे एक लावले तर रांग ४४ हजार किलोमीटरची. विषुववृत्ताचा घेर ४०,०७५. मिनिटाला चौदा, म्हणजे साधारण सव्वाचार सेकंदांना एक, मध्यरात्रीही आणि भर पावसातही. जून २०२५ मध्ये केरळात विळिंजमला ‘एमएससी इरिना’ लागलं. त्या एकट्या जहाजावर असे २४,३४६ खोके मावतात. नागपुरातून रांग धरली तर शेवटचा जवळपास अमरावतीच्या वेशीवर येईल.

भरलेला खोका सहसा जास्तीत जास्त ३०,४८० किलोंचा. क्रेनला त्याचं काही वाटत नाही. ट्रेलरवर तो चार कोपऱ्यांना चार लॉकनी जखडलेला असतो. त्यातलं एखादं सोडायचं राहिलं आणि क्रेनने ओढ घेतली, तर खोक्यासोबत ट्रेलरही वर उचलला जातो, ड्रायव्हर केबिनमध्ये असतानाच.

मुंबईच्या गोदीतला सर्वांत भीषण दिवस १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभ्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती, आणि सोबत कापसाच्या गाठी! कापसाशेजारी बिडीसुद्धा ओढू नये, हे विदर्भात कुणीही सांगेल. जहाजाला आग लागली आणि ते फुटलं. त्या स्फोटाचा हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. जहाजावरच्या सोन्याच्या विटा नेमक्या १२४ होत्या, याची नोंद आहे. मेलेल्या माणसांचा आकडा मात्र ८०० ते १,३०० असा मोघम सांगतात.

मला स्वतःला या टनांपेक्षा एका ग्रॅमची धास्ती जास्त वाटते. तांदूळ जहाजाने बाहेर जातो तेव्हा कीड लागू नये म्हणून कंटेनरमध्ये ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. आपल्याकडे सल्फास म्हणतात तेच हे. हवेतल्या ओलाव्याने गोळीतून फॉस्फिन वायू सुटतो. आठ तासांच्या कामासाठी अमेरिकेत त्याची कमाल मर्यादा आहे हवेच्या दहा लाख भागांत ०.३ भाग. वीस फुटी खोक्यात हवा मावते ३३ घनमीटर. म्हणजे अख्ख्या खोक्यात दहा मिलिलिटर वायू, दोन चहाचे चमचे, एवढीच मुभा. आणि तीन ग्रॅमची एक गोळी एक ग्रॅम वायू सोडते, म्हणजे सुमारे ७०० मिलिलिटर. सरळ सत्तरपट. वायूला लसणासारखा वास येतो म्हणतात, पण त्या वासावर विसंबता येत नाही. दोन्ही दारं उघडी टाकायची, वायू जाऊ द्यायचा, मीटर लावायचा आणि मगच हमालाने आत पाऊल टाकायचं.

हा हिशेब रिकाम्या खोक्याचा आहे, तोही एकाच गोळीचा. पोती ठासून भरली की हवेला जागाच कमी उरते, आणि गोळ्या कधी एक टाकत नाहीत.