आजी विसरते, पण थकते आई

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी तो इथे लिहून काढलाय. ऐकणार असाल तर आज हेडफोन लावा. हॉलमध्ये सगळ्यांसमोर स्पीकरवर लावायला हा विषय थोडा अवघड आहे.

आमच्या डोंबिवलीच्या घरात दोन वर्षं एक वाक्य रोज ऐकू यायचं. "हिनेच घेतल्या माझ्या पाटल्या." ही म्हणजे माझी आई. म्हणणारी माझी आजी, बाबांची आई. पाटल्या कधी तांदळाच्या डब्यात सापडायच्या, कधी उशीच्या अभ्र्यात. सापडल्या की दहा मिनिटं शांतता, मग पुन्हा तेच. आजी नाशिकच्या आत्यालाही फोनवर हेच सांगायची. फोनवर ती इतकी नीट बोलायची की आत्याला ते खरं वाटायचं!

आजीला डिमेन्शिया होता. मराठीत स्मृतिभ्रंश. हा एकच एक आजार नाही, मेंदूच्या वेगवेगळ्या आजारांमुळे दिसणाऱ्या लक्षणांचं हे नाव आहे. त्यातलं सगळ्यात मोठं कारण अल्झायमर, साधारण ६० ते ७० टक्के. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड किंवा नैराश्य यामुळेही विसरायला होतं आणि त्यावर उपचार असतात. म्हणून "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

आता पाटल्यांचं. वस्तू आपणच ठेवली, ही आठवणच मेंदूत उरत नाही. वस्तू तर जागेवर नाही. मग उरतं एकच उत्तर: कोणीतरी घेतली. आणि समोर दिवसभर कोण असतं? जी सांभाळते ती. म्हणजे जी सगळ्यात जास्त करते, तिच्यावरच आळ. आजी खोटं बोलत नव्हती. पण हे आईला कोणी सांगितलंच नव्हतं.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे शंभरात सात-आठ जणांना. त्यांना सांभाळणारी कोणी तरी बायको, मुलगी, सून असते, कधी नवरा किंवा मुलगा. त्यांची मोजणी कोण करतं?

"घरातलं बाहेर कशाला सांगायचं?"

आजीच्या डॉक्टरांनी नातेवाइकांच्या एका गटाबद्दल सांगितलं. महिन्यातून एकदा भेटायचं. आईचं पहिलं उत्तर हेच, घरातलं बाहेर कशाला. दुसरं उत्तर, "आणि हिच्याजवळ कोण बसणार?" खरी अडचण दुसरी होती. म्हटलं, मी बसतो.

तिथे काय झालं ते आईने नंतर सांगितलं. कोणीतरी विचारलं, "तुमच्याकडे काय हरवतं?" आई म्हणाली, "पाटल्या." सगळे हसायला लागले. "आमच्याकडे पेन्शनचं पुस्तक." "आमच्याकडे कवळी!" एक काका म्हणाले, त्यांची बायको रोज संध्याकाळी त्यांना सांगते, "तुमच्या घरचे वाट बघत असतील, निघा आता." आई आधी हसली. मग रडली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला स्वतःची बाजू मांडावी लागली नव्हती.

तिथूनच एक युक्ती मिळाली. "मी नाही घेतल्या" म्हणून वाद घालायचा नाही. म्हणायचं, "चला, दोघी मिळून शोधू." शिवाय खऱ्या पाटल्या लॉकरमध्ये आणि आजीच्या हातात तशाच दिसणाऱ्या खोट्या. आजार तसाच राहिला, पण घरातली रोजची भांडणं कमी झाली.

असा आधार शोधायचा कुठे?

ही कामं तुमच्या फोनवरून होणारी आहेत, म्हणून तुम्हालाच सांगतोय.

एक, निदान करणाऱ्या डॉक्टरांना किंवा मेमरी क्लिनिकमध्ये थेट विचारा: "नातेवाइकांसाठी गट आहे का?" बरेचदा असतो, पण विचारल्याशिवाय कळत नाही.

दोन, अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया. १९९२ मध्ये कोचीत सुरू झालेली ही संस्था आहे, आणि मुंबईसह अनेक शहरांत तिच्या शाखा आहेत.

तीन, १४५६७. ही ज्येष्ठांसाठीची सरकारी एल्डरलाइन. जवळ काय सोय आहे ते विचारता येतं.

चार, १४४१६, टेली मानस. हा नंबर आईसाठी, म्हणजे सांभाळणाऱ्यासाठी. रात्री अडीच वाजता जीव नकोसा झाला तरी फोन लागतो. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

घराबाहेर पडता येत नसेल तर व्हिडिओ कॉलवर भेटणारे गट शोधा. मात्र कुठल्या गटात कोणी "हमखास बरं करणारं" औषध विकायला लागलं, तर तिथून निघा. अल्झायमर पूर्ण बरा करणारं औषध आज नाही.

आणि एक गट आपल्या दारातच असतो. वॉचमन, वाणी, नाक्यावरचे रिक्षावाले. त्यांना आजीचा फोटो दाखवा, आपला नंबर द्या. दिवेलागणीला "मला घरी जायचंय" म्हणत आजी निघाली, तर पहिल्यांदा त्यांनाच दिसणार. आम्ही हे लपवत होतो तोवर घाबरत होतो. सांगितल्यावर वॉचमनकाकांनी आजीला दोनदा परत आणलं.

आणि नातेवाईक?

"काही लागलं तर सांग" या वाक्याने काही होत नाही. त्यापेक्षा काम वाटून द्या: शनिवारी चार ते सात तू बस, औषधं मी आणतो. ज्यांना पटत नाही त्यांच्यासोबत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' बघा. डॉ. मोहन आगाशे यांनी त्यात अल्झायमर झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे.

आमच्या आत्याला मात्र आम्ही आठ दिवस राहायलाच बोलावलं. तिसऱ्या संध्याकाळी आजी तिच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हिनेच घेतल्या." आत्या स्वयंपाकघरात गेली, थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "वहिनी, सरका. पोळ्या मी लाटते."

तर मंडळी, या आठवड्याचं काम. तुमच्या घरात किंवा शेजारी असं कोणी सांभाळणारं असेल, तर "आजी कशी आहे?" हे नंतर विचारा. आधी विचारा, "काकू, तुम्ही कशा आहात?" आणि उत्तर ऐकायला दहा मिनिटं थांबा. भेटू पुढच्या भागात!