पोटातला जंतू क्षयाला फसवतो
जंतू म्हटला की डोळ्यांपुढे रोगच उभा राहतो. पण वाचकहो, तुमच्या घरी दूध विरजते तेही जंतूंमुळेच, आणि आपल्या आतड्यांत तर असे अब्जावधी जंतू जन्मभर मुक्काम ठोकून असतात. त्यांतल्या एकाची करामत क्षयाच्या जंतूला भारी पडते, असे अलीकडे दिसून आले आहे.

त्याचे नाव क्लॉस्ट्रिडियम स्पोरोजेनिस. धनुर्वाताच्या जंतूच्याच गोत्रातला. पण गोत्र एक म्हणून गुण एक नसतात, हे गावात कोणाला सांगायला नको. डाळी, दूध, शेंगदाणे, अंडी यांतल्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅन नावाचा घटक असतो. हा जंतू त्यापासून इंडोल प्रोपिऑनिक आम्ल तयार करतो. ते रक्तात उतरते आणि अंगभर फिरते.

आता गंमत पाहा. क्षयाच्या जंतूचेही ट्रिप्टोफॅनवाचून चालत नाही. आपले शरीर त्याची उपासमार करू पाहते, तेव्हा तो ते स्वतःच बनवतो आणि पुरेसे साठले की थांबतो. हे आम्ल दिसायला ट्रिप्टोफॅनसारखेच. जंतू फसतो, कोठार भरले असे समजून काम बंद करतो, आणि कोठार तर रिकामेच! सिंगापूर व अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २०१८ आणि २०१९ साली ही गोष्ट उलगडली. क्षयाची लागण केलेल्या उंदरांना हे आम्ल दिले, तेव्हा त्यांच्या प्लीहेतील जंतू सुमारे सातपटीने घटले.

मग घरातल्या खोकणाऱ्या माणसाला ताक पाजले की झाले? मुळीच नाही. ताकातले जंतू वेगळे, आणि उंदरांवरचा प्रयोग म्हणजे माणसाचे औषध नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्या; तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. नेहमीच्या क्षयाला सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतात. दुसऱ्या महिन्यातच खोकला थांबतो, अंग भरू लागते आणि गोळ्या फडताळात पडून राहतात. तिथेच घात होतो. उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

ताटाकडे मात्र जरूर पाहा. झारखंडात २०१९ ते २०२२ या काळात क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांनाही दरमहा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. ज्या घरांत फक्त रोग्यालाच शिधा मिळाला, त्यांच्यापेक्षा या घरांत नव्याने होणारा क्षय सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळला. रोग्याच्या आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये मिळतात. ते थेट बँकेत जमा होतात, म्हणून नाव नोंदवायला जाताना पासबुक बरोबर न्या.