अध्ययन-अक्षमतेची शंका : मानसशास्त्रीय मूल्यमापन आणि वैद्याचे कर्तव्य

परीक्षा जवळ आल्या की ‘मुलाची स्मरणशक्ती वाढेल असे काही द्या’ ही मागणी चिकित्सालयात व औषधी दुकानात नित्य ऐकू येते. इयत्ता चौथीतील असाच एक मुलगा प्रस्तुत लेखकाकडे आणला गेला. ऐकलेली गोष्ट तो तपशिलासह सांगे. तीच वाचताना मात्र अक्षरे गाळी, जोडाक्षरांपाशी अडखळे. स्मृतिदौर्बल्य समजून वर्षभर मेध्य द्रव्ये दिली. भूक व निद्रा सुधारली, वाचन होते तेथेच राहिले. पुढे मूल्यमापनात बुद्ध्यंक सर्वसाधारण व वाचनाची अक्षमता आढळली. विशेष अध्यापनाचे एक वर्ष वाया गेले, याची खंत आजही आहे.

विशिष्ट अध्ययन-अक्षमता म्हणजे बौद्धिक अक्षमता नव्हे आणि आळसही नव्हे. वाचन (डिस्लेक्सिया), लेखन (डिसग्राफिया) वा गणित (डिसकॅल्क्युलिया) यांपैकी एक वा अधिक कौशल्ये तीत बाधित होतात.

मूल्यमापनाचा क्रम वैद्यबंधूंनी जाणून घ्यावा. प्रथम नेत्र व श्रवण तपासणी. वारंवार कर्णस्राव होणाऱ्या बालकात ती टाळू नये. नंतर जन्म, विकास, घर व शाळा यांचा इतिवृत्तान्त. त्यानंतर बिने-कामत अथवा मालिन यांच्या कसोटीने बुद्धिमापन. बुद्ध्यंकाची सरासरी १०० असून ८५ व त्यावरील अंक सामान्यतः पुरेसा मानतात. पुढे वाचन, शुद्धलेखन व गणित यांच्या कसोट्या. सन २०१५ मध्ये राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने आणलेले ‘डाली’ हे साधन मराठीतही उपलब्ध आहे. भाषेचा विचार महत्त्वाचा. केवळ इंग्रजीत मागे पडणारे मराठीभाषी बालक अक्षम ठरत नाही. अवधान व भीती यांचीही पाहणी होते.

पूर्वी बुद्ध्यंक व शालेय संपादन यांतील तफावतीवर निदान अवलंबून असे. सन २०१३ च्या डीएसएम-५ या वर्गीकरणाने ती अट वगळली. योग्य साहाय्य देऊनही अडचण किमान सहा महिने टिकते का, हे पाहिले जाते.

निदानानंतर मुख्य उपाय उपचारात्मक अध्यापन हाच. महाराष्ट्रात १९९६ पासून शालान्त परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना सवलती मिळू लागल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश झाला. वाढीव वेळ वा लेखनिक यांसाठी अधिकृत प्रमाणपत्र लागते. खासगी अहवाल त्याची जागा घेत नाही.

औषधी विक्रेत्यांनी बाटली देण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत : तोंडी उत्तर येते, पण लिहिता येत नाही, असे होते का? डोळे व कान तपासले आहेत का? अडचण किती महिन्यांची आहे? उत्तरे शंकास्पद वाटल्यास बालरोगतज्ज्ञ व चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ यांच्याकडे पाठवावे. अग्नी, निद्रा, पांडुता यांची चिकित्सा आपण अवश्य करावी. परंतु अक्षरओळख औषधाने येईल, असे आश्वासन देऊ नये. आधी परीक्षा, मग औषध, हा आपल्याच शास्त्राचा क्रम आहे.