ख्मेर शेजारात आपला धम्म

कंबोडिया हा बौद्धांचा देश. शंभरात पंचाण्णवहून अधिक माणसे बौद्ध आहेत आणि 1993 च्या राज्यघटनेनेही बौद्ध धर्माला राजधर्माचे स्थान दिले आहे. पोटापाण्यासाठी आम्ही चौघे, नवरा-बायको आणि दोन मुले, राजधानी नॉम पेन्ह येथे राहतो. कपड्यांच्या कारखान्यात सुपरवायझरची नोकरी आहे. ख्मेर लोकांमध्ये राहून जे पाहिले, ते आपल्या बंधू-भगिनींपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

येथे ओळखीचे कुणी भेटले की विचारतात, "भात खाल्ला का?" भात म्हणजेच जेवण. अनोळखी माणसालाही नात्याने हाक मारतात. वयाने थोड्या मोठ्याला 'बोंग', म्हातारीला 'यिये' म्हणजे आजी. नमस्काराचीही पद्धत ठरलेली. बरोबरीच्या माणसाला हात छातीशी जोडायचे, मोठ्यांना तोंडाशी, आई-वडिलांना व शिक्षकांना नाकाशी, भिक्खूंना भुवयांशी. गरीब-श्रीमंत हा भेद येथेही आहे. पण आमचे आडनाव ऐकून पुढचा प्रश्न आजवर कुणी केला नाही. हा अनुभव किती मोठा, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

स्वयंपाकात 'प्रहोक' लागतेच. ही खारवून आंबवलेली मासळी. वास उग्र, पण सुकट आणि जवळ्यावर वाढलेल्या आम्हाला तो परका नाही.

सकाळी भिक्खू भिक्षापात्र घेऊन गल्लीत येतात. शेजारीण चपला काढून, गुडघे टेकून त्यांना भात वाढते. दुपारी बारानंतर भिक्खू जेवत नाहीत. विहाराला येथे 'वाट' म्हणतात. खेड्यातली गरीब मुले शिकायला शहरात आली की वाटात राहतात, तेथेच जेवतात आणि शाळा-कॉलेजला जातात. आपल्याकडच्या बोर्डिंगांची आठवण यावी, असेच हे काम आहे.

एप्रिलच्या 13 किंवा 14 तारखेला ख्मेर नववर्ष सुरू होते. घरे सजतात, बुद्धमूर्तीला सुगंधी पाण्याने स्नान घालतात, नातवंडे आजी-आजोबांना आंघोळ घालून त्यांचा आशीर्वाद घेतात. त्याच दिवसांत आमच्या घरी भीमजयंती. बुद्धमूर्तीशेजारी बाबासाहेबांचा फोटो पाहून शेजारी विचारतात, हे कोण? आम्ही सांगतो, यांच्यामुळेच आम्ही तुमच्या धम्मात आहोत.

मात्र ख्मेरांची प्रत्येक चालरीत आपल्याला घेता येत नाही. भाद्रपदाच्या वद्य पक्षात, म्हणजे आपल्याकडच्या पितृपक्षातच, येथे 'पचुम बेन' असतो. 'बेन' हा शब्द पिंडावरूनच आला आहे. पहाटेच्या अंधारात लोक वाटात जमतात आणि चिकट भाताचे गोळे विहाराभोवती टाकतात. भुकेल्या प्रेतांना ते पोहोचतात, अशी समजूत. दिवसा भिक्खूंना भोजनदान होते, मृतांची नावे घेऊन पुण्य अर्पण केले जाते.

2023 साली या सणाचा मुख्य दिवस नेमका 14 ऑक्टोबरला आला. 1956 साली याच तारखेला नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या आणि श्राद्धपक्ष व पिंडदान करायचे नाही, ही त्यांतलीच एक. शेजारच्या यियेने आम्हाला वाटात नेले. पोल पॉटच्या राजवटीत तिचे वडील आणि दोन भाऊ गेले. प्रेतेही मिळाली नाहीत. तिने भाताचा एक गोळा आमच्या मुलीपुढे धरला. "तुझ्या आजीसाठी टाक," म्हणाली. मुलगी हळूच विचारू लागली, "आई, हे पिंडदानच ना?"

आम्ही यियेला सांगितले, "आम्ही बाबासाहेबांना शब्द दिलेला आहे. हे आम्हाला करता येणार नाही." ती रागावली नाही. म्हणाली, "मग भात भिक्खूंना द्या आणि आजीचे नाव मला सांगा." तिने आपले गोळे टाकले, आम्ही तिच्यासाठी बॅटरी धरली. सकाळी आम्ही भोजनदान दिले. तिच्या वडिलांच्या आणि भावांच्या नावांबरोबर आमच्या आजीचेही नाव घेतले गेले. उरलेले अन्न वाटातल्या मुलांना गेले. आपण घरी पुण्यानुमोदन करतो, ते याहून वेगळे काय? आपल्या प्रतिज्ञेने पिंड सोडायला सांगितले, मृतांची आठवण सोडायला नव्हे. आणि आपली प्रतिज्ञा पाळायला दुसऱ्याच्या दुःखाची टिंगल करावी लागत नाही.

यियेसारख्यांचे आणखी एक ऋण आहे. 17 एप्रिल 1975 ते 7 जानेवारी 1979 या काळात ख्मेर रूजने भिक्खूंची चीवरे उतरवली, विहारांची कोठारे आणि तुरुंग केले. सुमारे 17 लाख माणसे उपासमारीने, आजाराने आणि हत्येने गेली. सप्टेंबर 1979 मध्ये नॉम पेन्हच्या उन्नालोम विहारात सात जणांना पुन्हा उपसंपदा मिळाली आणि संघ परत उभा राहू लागला. भारतात नालंदेला शिकलेले भिक्खू महाघोषानंद 1992 पासून युद्धग्रस्त मुलखातून धम्मयात्रा काढत पायी फिरले. पण ज्या काळात विहार नव्हते, ग्रंथ नव्हते, भिक्खू नव्हते, त्या काळात वंदना टिकली ती म्हाताऱ्यांच्या तोंडी. यिये सांगते, ती शेतात माती वाहताना ओठ न हलवता त्रिसरण म्हणायची.

हे ऐकल्यापासून आमच्या घरी रोज संध्याकाळी जेवणाआधी वंदना होते. पुस्तक उघडत नाही, मुले पाठ म्हणतात. आपल्या वस्तीतले विहार आज उभे आहेत, पुस्तके मिळतात, म्हणणाऱ्याला कुणी अडवत नाही. तरी किती घरांत वंदना फक्त लग्नात आणि पुण्यानुमोदनाला ऐकू येते! माता-भगिनींनी मनावर घ्यावे. मुलांना त्रिसरण-पंचशील पाठ हवेच, आणि बावीस प्रतिज्ञा अर्थासह समजल्या पाहिजेत. मूल "हे पिंडदानच ना?" असे विचारील, तेव्हा त्याला उत्तर देणारे कुणी घरात असावे.

नमो बुद्धाय! जय भीम!