अंगावरची लव आणि मे महिन्याचे ऊन
(लेखमाला : देहाचा इतिहास, भाग ९)

नागपूरहून वर्ध्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर सिंदी (रेल्वे) हे गाव लागते. मे महिन्यात या पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, नवतपा लागला की कधी त्याच्याही वर जातो. अशा दुपारी शिवारात कोण कुठे आहे हे नीट पाहिले, तर आजच्या विषयाचा निम्मा पुरावा तिथेच हाती लागतो. वानरांची टोळी चिंचेच्या किंवा कडुनिंबाच्या गर्द सावलीत गप बसलेली असते. पहाटे वखराला जुंपलेले बैल ऊन चढायच्या आत सोडलेले असतात आणि गोठ्यात रवंथ करीत असतात. उशिरापर्यंत जुंपले तर ते तोंड उघडून धापा टाकू लागतात. म्हशी नाल्याच्या डोहात नाहीतर तळ्यात गळ्यापर्यंत बुडालेल्या असतात. त्या उन्हात वावरात चालताना, वाकताना, धसकटे वेचताना दिसतो तो एकटा माणूस. त्याने या वेळी उन्हात असू नये असे डॉक्टर सांगतात, आणि ते शंभर टक्के खरे आहे. पण बाकीच्या सस्तन प्राण्यांनी जे काम केव्हाच सोडून दिले ते त्याचे शरीर अजून रेटू शकते, आणि त्या क्षमतेचा त्याच्या अंगावरच्या केसांशी, किंबहुना ते इतके बारीक होण्याशी, थेट संबंध आहे. तो संबंध उलगडणे हे या भागाचे काम.

आधी एक समज दूर करायला हवा. माणूस केसहीन प्राणी नाही. आपल्या शरीरावर सुमारे ५० लाख केसमुळे आहेत आणि त्यांतली डोक्यावरची जेमतेम लाखभर. तळहात, तळपाय, ओठ आणि आणखी एकदोन जागा सोडल्या तर अंगाचा कोणताही भाग केसाशिवाय नाही. चिंपांझीच्या आणि माणसाच्या त्वचेची तुलना झाली तेव्हा ठराविक जागेतल्या केसमुळांची संख्या दोघांत जवळपास सारखीच भरली. फरक संख्येचा नसून आकाराचा आहे. चिंपांझीच्या मुळातून लांब, जाड, रंगीत केस निघतो. आपल्या बहुतेक मुळांतून आखूड, मऊ, फिकट लव निघते. आईच्या पोटात पाचव्या महिन्याच्या सुमारास गर्भाच्या सर्वांगावर केसांचे पांघरूण येते आणि बहुतेकदा जन्माआधीच गळून जाते. वयात येताना शरीरातले अँड्रोजन वाढले की काखेतल्या, जांघेतल्या, मुलग्यांच्या हनुवटीवरच्या त्याच लवेच्या जागी राठ केस येऊ लागतात. म्हणजे केस घडवणारे यंत्र मोडीत निघालेले नाही. बहुतेक जागी ते मंद ठेवले गेले आहे, एवढेच. म्हणून ‘माणसाचे केस का गेले’ असे विचारण्यापेक्षा ‘ते इतके लहान ठेवण्यात कोणता लाभ होता’ असे विचारणे अधिक योग्य.

माझ्या मते त्याचे उत्तर घाम आहे. माणसाच्या त्वचेत पातळ, खारट घाम सोडणाऱ्या २० ते ४० लाख ग्रंथी असतात. चिंपांझीच्या तुलनेत त्यांची दाटी दहापट आहे. कष्टाच्या कामात तासाला एक लिटर घाम सहज जातो, कधी त्याहून जास्त. हा घाम नुसता वाहून गेला तर उपयोग शून्य. तो वाळला पाहिजे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खेचली जाते, आणि अंगमेहनतीचे काम करणारे शरीर तासाभरात साधारण तेवढीच उष्णता तयार करते. हवा त्वचेपेक्षा थंड असेल तर थोडी उष्णता तशीही निघून जाते. पण सिंदीच्या दुपारी हवाच ४५ अंश असते आणि त्वचा ३५ च्या आसपास, म्हणजे उलट हवाच अंगाला तापवते. तेव्हा उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो, घाम वाळण्याचा. विदर्भातल्या घरोघरच्या कूलरचे तत्त्व हेच आहे. कोरडी हवा वाळ्याच्या ओल्या ताटीतून ओढली की गारवा मिळतो, आणि जुलैत हवाच दमट झाली की तोच कूलर नुसती चिकचिक वाढवतो. आता अंगावर दाट केस आहेत अशी कल्पना करा. घाम केसांत झिरपेल, वाफ होईल ती केसांच्या टोकांशी, आणि तिला लागणारी बरीचशी उष्णता त्वचेऐवजी केसांतून आणि भोवतालच्या हवेतून घेतली जाईल. रक्त थंड होते ते त्वचेखालच्या बारीक वाहिन्यांत. वाफ तिथेच, त्वचेला लागून व्हायला हवी. भरपूर घाम आणि दाट केस हे दोन्ही एकाच अंगावर नीट नांदत नाहीत.

केस विरळ झाले म्हणजे काम झाले असेही नाही, आणि याला साक्ष म्हैस देते. तिची कातडी काळी, केस अगदी तुरळक, आणि घामाच्या ग्रंथी गाईबैलांच्या मानाने फार कमी. तिच्याकडे उघडी त्वचा आहे, पण त्या त्वचेवर पसरायला स्वतःचे पाणी नाही. म्हणून ती बाहेरचे पाणी शोधते, चिखलात लोळते, आणि ते मिळाले नाही की दूध आटते, तब्येत खालावते. वर्धा जिल्ह्याचे नाव ज्या गोवंशाशी जोडलेले आहे त्या गवळाऊ बैलाने दुसरी वाट धरली आहे: पांढरट, आखूड, अंगाला चिकटून बसलेले केस बरेचसे ऊन परतवतात आणि त्यांच्याखाली थोडाफार घामही येतो. पण त्याच्या कामाच्या वेळा शेतकऱ्याला सांभाळाव्या लागतात, दुपारी औत सोडावेच लागते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप उंटाचा आहे. शरीरशास्त्रज्ञ क्नुट श्मिट-नीलसन यांनी १९५० च्या दशकात सहारात उंटांवर प्रयोग केले. लोकर कातरलेल्या उंटाचे पाणी लोकर असलेल्या उंटापेक्षा जवळजवळ दीडपट खर्च झाले. म्हणजे केस उन्हाला अडवतात, काढले तर तोटाच होतो. आणि उंटापर्यंत जायलाही नको. विदर्भातला शेतकरी स्वतः काय करतो? भर उन्हात तो अंग उघडे टाकत नाही. डोक्याला, कानाला दुपट्टा गुंडाळतो, अंगात सैल सुती सदरा घालतो. उघडी त्वचा एवढी गुणाची असेल तर ती झाकतो कशाला?

हा आक्षेप मला टाळायचा नाही, कारण त्याने मूळ म्हणणे अधिक नेमके होते. केस बाहेरची उष्णता आत येऊ देत नाहीत हे खरे, पण आतली बाहेरही जाऊ देत नाहीत. जो प्राणी दुपारी बसून राहतो त्याला पहिली गोष्ट मोलाची; जो चालतो, धावतो, ओझे वाहतो त्याच्या स्नायूंतली उष्णता साठत जाते आणि त्याला दुसरी गोष्ट मारक ठरते. ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर व्हीलर यांनी १९८० च्या दशकात यात आणखी एक मुद्दा आणला. दोन पायांवर उभा असलेला प्राणी माध्यान्हीच्या सूर्याला फक्त डोके आणि खांदे देतो. चार पायांच्या प्राण्याची अख्खी पाठ तापते. म्हणजे केसांच्या छत्रीची गरज माणसाला आधीच कमी होती. व्हीलर यांचा हिशेब उभ्या, स्थिर प्राण्याचा होता; २०११ मध्ये रक्स्टन आणि विल्किन्सन यांनी चालण्याची उष्णता त्यात धरली, आणि केसाळ द्विपाद प्राणी भर दुपारी उघड्या माळावर चालत राहू शकला नसता असे दाखवले. राहता राहिला दुपट्टा. तो म्हणजे हवा खेळू देणारी आणि हवी तेव्हा काढता येणारी सावली आहे. संध्याकाळी खांद्यावर टाकता येतो, घामाने भिजला तर पिळून वाळवता येतो. तो आपल्या त्वचेच्या कामाला मदत करतो, तिची जागा घेत नाही.

डार्विनला हे उष्णतेचे कारण पटले नव्हते. १८७१ च्या आपल्या ग्रंथात त्याने म्हटले की उष्ण प्रदेशातली माकडे तर अंगभर केसाळ आहेत, मग उन्हाने माणसाचेच केस का घालवावेत? त्याने कारण शोधले जोडीदाराच्या निवडीत. पण चिंचेखालची वानरे त्याच्या प्रश्नाचे उत्तर देतात: ती दुपारी उघड्यावर चालतच नाहीत. तरीही डार्विनचा मुद्दा पुरता निकालात निघत नाही. स्त्रीपुरुषांच्या केसांत एवढा फरक का, दाढी पुरुषालाच का, यांची उत्तरे घामात मिळत नाहीत. उन्हात दोघेही राबतात. अंगावरचे आच्छादन उष्णतेमुळे गेले आणि उरलेल्या केसांची मांडणी नंतर जोडीदाराच्या पसंतीने बदलत गेली, असे मला अधिक संभवनीय वाटते. मार्क पेजेल आणि वॉल्टर बॉडमर यांनी २००३ मध्ये उवा, पिसवा, गोचिडांचा उपद्रव कमी होणे हे मुख्य कारण मांडले. हा लाभ झाला असणारच, पण तो वाढलेल्या घामग्रंथींचा खुलासा करीत नाही. माणूस एकेकाळी पाण्यात राहत होता म्हणून केस गेले, हे अ‍ॅलिस्टर हार्डी यांनी १९६० मध्ये मांडलेले मत लोकप्रिय झाले खरे, पण पाणमांजरासारखे कितीतरी जलचर दाट केसांचे आहेत, आणि त्या मताला जीवाश्मांचा आधार नाही.

उरलेले केसही आपापल्या जागी काहीतरी करतात. डोक्यावर ऊन सरळ पडते, मेंदू तापून चालत नाही, म्हणून तिथले दाट केस राहिले. टीना लसीसी, नीना जॅब्लॉन्स्की आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या आकाराच्या तापवलेल्या पुतळ्यावर वेगवेगळे टोप चढवून मोजमाप केले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात घट्ट कुरळ्या केसांनी डोक्यापर्यंत पोचणारे ऊन सर्वांत जास्त अडवले. भुवया कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरू देत नाहीत. हातावरची नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारी लवसुद्धा बिनकामाची नाही: प्रत्येक मुळाभोवती मज्जातंतूंचे वेटोळे असते, केस हलला की कळते. शेफील्डच्या संशोधकांनी स्वयंसेवकांच्या एका हातावरची लव काढून दोन्ही हातांवर ढेकूण सोडले. लव असलेल्या हातावर ढेकणाला चावायची जागा शोधायला जास्त वेळ लागला आणि माणसाला त्याची चाहूलही लवकर लागली. शिवाय केसमुळांतल्या मूळ पेशी जखम भरायला नवी त्वचा पुरवतात. खरचटलेली जागा भरून येते त्यात त्यांचा मोठा वाटा. वयात येणाऱ्या मुलींना हातापायांवरच्या लवेची लाज वाटायला लावणाऱ्यांनी हे वाचावे असे मला मनापासून वाटते. जावळ काढल्याने किंवा वस्तरा फिरवल्याने केस दाट येतात हा समजही चुकीचा आहे, कारण पाते त्वचेखालच्या मुळापर्यंत पोचतच नाही. मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्येच ते मोजून दाखवले होते.

या घामाच्या व्यवस्थेला मर्यादा आहे आणि विदर्भात ती दर उन्हाळ्यात जिवावर बेतते. पाणी आणि मीठ संपले की घाम आटतो, हवा दमट झाली की तो वाळत नाही, आणि दोन्ही वेळी शरीर तापतच राहते. मे महिन्यात तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पिणे आणि कामाच्या वेळा बैलांच्या वेळांशी जुळवणे, हे मजुराला काम देणाऱ्या प्रत्येकाने पाळायलाच हवे.

हा बदल केव्हा झाला? केस जीवाश्मात टिकत नाहीत, म्हणून पुरावा आडवाटेने काढावा लागतो. त्वचेच्या रंगाशी संबंधित एका जनुकातल्या फरकांवरून २००४ मध्ये असा अंदाज निघाला की आपल्या पूर्वजांची त्वचा किमान १२ लाख वर्षांपूर्वी काळी झालेली होती, म्हणजे ती तोवर उघडीही पडली होती. दुसरी तारीख उवांकडून मिळते. कपड्यांत राहणारी ऊ डोक्यातल्या उवेपासून वेगळी कधी झाली हे २०११ च्या अभ्यासाने मोजले: ८३ हजार वर्षांपूर्वी, कदाचित १ लाख ७० हजार वर्षांपूर्वीही. या दोन तारखांच्या मधल्या दहा लाखांहून अधिक वर्षांत माणसाच्या अंगावर ना दाट केस होते ना कापड. रात्रीच्या थंडीला केव्हातरी विस्तवाची सोबत मिळाली असेल. दिवसा मात्र उघड्या त्वचेवर अतिनील किरण थेट पडत होते, आणि त्वचेने त्यांचा बंदोबस्त कसा केला ते पुढच्या भागात.